दोनदा पाणतीर (टॉर्पेडो) लागलेला टँकर : 'ब्रिटिश लॉयल्टी'

खाडीकाठ (धागाकर्ता)

मालदीवच्या माळेतला अगदी शेवटचा मणी म्हणजे अड्डू. विषुववृत्त ओलांडलं की थोडं दक्षिणेला. मागच्या डिसेंबरात आम्ही चौघं तिथे आठवडाभर राहिलो. हिताधू, माराधू, फेयधू आणि गान ही बेटं एका रस्त्याने जोडलेली आहेत, त्यामुळे दिवसभर सायकलवर भटकायचं, संध्याकाळी धक्क्यावर बसायचं. एका संध्याकाळी बोटीवाल्याने आतल्या शांत पाण्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "खाली लॉयल्टी आहे. मोठी बोट. तेलाची."

त्या एका वाक्यामुळे गेले चार महिने मी याच बोटीच्या मागे आहे. जमलं तेवढं लिहितो, चुकलं तर दुरुस्त करा.

'ब्रिटिश लॉयल्टी' हा १९२८ साली इंग्लंडात टाइन नदीकाठी बांधलेला टँकर. नोंदणी ६,९९३ टनांची. मालक ब्रिटिश टँकर कंपनी, म्हणजे इराणचं तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीची जहाज शाखा. यांच्या बोटींचं पहिलं नाव 'ब्रिटिश', पुढे कधी कधी एखादा सद्गुण: लॉयल्टी, शिव्हलरी. युद्धात या बोटींचं काम एकच, इराणमधल्या अबादानसारख्या बंदरांतून तेल उचलायचं आणि आरमार जिथे असेल तिथे नेऊन पोचवायचं.

मे १९४२. इंग्रजांनी मादागास्करच्या उत्तर टोकाचं दिएगो सुआरेझ बंदर व्हिशी फ्रेंचांकडून (जर्मनीपुढे नमलेल्या फ्रेंच सरकारकडून) नुकतंच घेतलं होतं. सिंगापूर पडलेलं, एप्रिलात कोलंबो आणि त्रिंकोमालीवर जपानी विमानांचे हल्ले झालेले. मादागास्करही जपान्यांच्या हाती गेलं असतं तर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला वळसा घालून सुएझकडे आणि हिंदुस्थानाकडे येणारा सगळा मार्ग त्यांच्या टप्प्यात आला असता. म्हणून ही घाई. बंदरात 'रॅमिलीज' ही युद्धनौका नांगरून होती आणि आमचा हा टँकरही होता.

२९ मेच्या संध्याकाळी एक लहान समुद्री विमान बंदरावरून फिरून गेलं. असं विमान पाणबुडीच्या पाठीवरूनही उडू शकतं. शत्रू जवळच आहे हे इंग्रजांना कळलं. रॅमिलीजने जागा बदलली. दुसऱ्या रात्री 'आय-१६' आणि 'आय-२०' या दोन मोठ्या जपानी पाणबुड्यांनी प्रत्येकी एक बुटकी पाणबुडी सोडली. दोन माणसं, दोन पाणतीर, बॅटरीवर चालणारी. आय-२० ची बुटकी बंदरात शिरली. पहिला पाणतीर रॅमिलीजला लागला, मोठं भगदाड पडलं, पण ती तरली. कॉर्व्हेट (पाणबुड्यांवर पहारा ठेवणाऱ्या छोट्या युद्धबोटी) पाण्यात स्फोटकं टाकत फिरू लागल्या. त्या गोंधळातही पाणबुडी टिकून राहिली आणि साधारण तासाभराने दुसरा पाणतीर सुटला. लॉयल्टी तेवढ्यात नांगर उचलून हलायला लागली होती. तो तिला लागला आणि ती तिथेच बंदराच्या तळाला बसली.

रॅमिलीज दुरुस्तीला दरबानला गेली. तिच्यावर पुस्तकांत पानंच्या पानं आहेत. टँकरच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी एक ओळ: "शिवाय एक टँकर बुडाला."

पण टँकरची गोष्ट तिथे संपत नाही. पाणी फार खोल नव्हतं. त्याच वर्षाच्या अखेरीला तिला वर काढलं, ओढत अड्डूला, तिथल्या इंग्रज आरमाराच्या तळावर आणलं आणि तरंगती तेलाची टाकी म्हणून उभं केलं. चालू बोट म्हणून तिचं आयुष्य संपलं होतं, साठवणीला मात्र चालत होती. आणि ९ मार्च १९४४ ला अड्डूच्या प्रवाळकड्याबाहेर 'यू-१८३' ही जर्मन पाणबुडी आली. आत यायच्या वाटांवर पाणतीर अडवणाऱ्या पोलादी जाळ्या होत्या. त्या जाळ्यांतल्या फटीतून, लांबवरून, तिने एक पाणतीर आत सोडला. तो बरोबर लॉयल्टीला लागला.

पुन्हा बसली. पुन्हा उचलली. नीट दुरुस्ती मात्र झाली नाही, आणि युद्ध संपल्यावर जानेवारी १९४६ मध्ये इंग्रजांनी तिला हिताधूच्या आग्नेयेला स्वतःच बुडवलं. आजही ती तिथेच आहे.

एका जपानी आणि एका जर्मन पाणबुडीने, वेगवेगळ्या बंदरांत, वेगवेगळ्या वर्षी पाणतीर मारलेली ही बोट. मला तिच्याबद्दल माया वाटायला लागली आहे. इथे टँकरवर काम केलेली मंडळी आहेत, त्यांनी तर लिहावंच.

इंजिनरूम

छान विषय काढलात. मी एकतीस वर्षं बोटीवर होतो, त्यातली बावीस टँकरवर. दोन गोष्टी सांगतो, त्यामुळे ही बोट एवढ्या वेळा वर कशी आली ते लक्षात येईल.

लोकांना वाटतं टँकर म्हणजे तेलाने भरलेला एक मोठा डबा, एक भोक पडलं की खेळ खलास. तसं नसतं. आत उभ्या-आडव्या भिंतींनी पाडलेल्या कितीतरी टाक्या असतात. शिवाय तेल पाण्यापेक्षा हलकं. भरलेल्या टाकीला भोक पडलं तर तेल बाहेर जातं, पाणी आत येतं, पण बोटीचं वजन फारसं बदलत नाही. साध्या मालवाहू बोटीच्या रिकाम्या, उंच फळक्यात (माल ठेवायच्या पोटात) पाणी शिरलं तर ती मिनिटांत जाते. टँकर त्यामानाने चिवट. त्याची दुखरी जागा म्हणजे मागचं इंजिनरूम आणि पंपरूम, तिथे मोठी मोकळी जागा असते. आमची माणसंही तिथेच असतात.

दुसरी गोष्ट. भरलेल्या टँकरपेक्षा नुकताच रिकामा केलेला टँकर जास्त धोक्याचा. भिंतींना चिकटलेल्या तेलाची वाफ आणि हवा यांचं मिश्रण टाकीत भरून राहतं, ठिणगी पडली की बॉम्बच. आज आम्ही टाक्यांत निष्क्रिय वायू भरतो, त्यात ऑक्सिजन इतका कमी की पेट घेता येत नाही. त्या काळच्या बहुतेक बोटींवर ही सोय नव्हती. त्यामुळे 'आपण माल उतरवून परत चाललोय, आता काय भीती' असं कुठलाही टँकरवाला म्हणत नसे. पेट्रोल किंवा विमानाचं इंधन असेल तर समुद्रच पेटतो. फर्नेस ऑइल जाड, सहज पेटत नाही, पण त्यात पडलेला माणूस पोहू शकत नाही. नाकातोंडात जातं, डोळे बंद होतात.

बोट उचलताना फुटलेल्या टाक्या सोडून उरलेल्या टाक्यांतलं पाणी हवेच्या दाबाने बाहेर ढकलता येतं. त्या कामासाठी टँकरची रचना सोयीची. दोनदा वर आली यात म्हणूनच मला नवल वाटलं नाही. दोनदा वर काढावीशी वाटली, हे जास्त बोलकं आहे. अड्डूत तेल किती मोलाचं होतं ते त्यातून कळतं.

दीपगृह

खाडीकाठ, एक भर घालतो. दिएगो सुआरेझचा दुसरा पाणतीर टँकरसाठी नव्हताच, तोही रॅमिलीजसाठी होता आणि टँकर मागे सरकत मध्ये आला, असंही मांडलं जातं. मला ते पटतं. एक पाणतीर लागूनही युद्धनौका तरंगते आहे, हातात दुसरा आणि शेवटचा उरला आहे, अशा वेळी कुठलाही अधिकारी टँकरवर तो खर्च करणार नाही. म्हणजे लॉयल्टीने रॅमिलीजचा घाव अंगावर घेतला.

त्या बुटक्या पाणबुडीतल्या दोघांचंही सांगायला हवं. लेफ्टनंट आकिएदा साबुरो आणि ताकेमोतो मासामी. पाणबुडी खडकावर अडकली. दोघं किनाऱ्यावर आले आणि ठरलेल्या जागी आपल्या मोठ्या पाणबुडीला गाठायला रानातून चालत निघाले. वाटेत एका गावात खायला मागितलं, बातमी इंग्रजांपर्यंत गेली. २ जूनला मरीन सैनिकांशी झालेल्या चकमकीत दोघंही मेले, एक मरीनही मेला. दुसऱ्या बुटक्या पाणबुडीतलं कोणीच परतलं नाही. आणि त्याच सुमारास, ३१ मेच्या रात्री, सिडनी बंदरावर अशाच बुटक्या पाणबुड्यांचा हल्ला झाला. हजारो मैलांवरचे दोन हल्ले, एकाच बेताचे.

अनघा_प

वाचताना एका जागी अडले. जाळ्या होत्या तर पाणतीर आत गेला कसा? आणि तोफा, पहारा काहीच नव्हतं का?

खाडीकाठ

अनघाताई, अड्डूचा आकार पत्त्यांतल्या बदामासारखा आहे. कडेने प्रवाळाची भिंत आणि बेटं, मध्ये खोल शांत पाणी. बाहेरून आत यायला मोजक्याच खिंडी, त्यांना तिकडे 'कंदू' म्हणतात. गान आणि विलिंगिली यांच्या आसपासच्या दक्षिणेकडच्या दोन, आणि उत्तरेकडे दोन. या खिंडींत तरंगत्या पिंपांना पोलादी कड्यांची जाळी टांगलेली असते, कोळ्यांच्या डोलीसारखी, पण लोखंडी आणि मासे सोडून पाणतीर अडवणारी. बोटींना ये-जा करायला त्यात फाटक ठेवावं लागतं. शिवाय भरती-ओहोटीचा प्रवाह तिथे जोरात असतो, जाळी सतत ताठ आणि सलग राहणं कठीण. अशीच एखादी फट त्या पाणबुडीला सापडली. आत शिरून परत निघणं अशक्यच होतं, म्हणून बाहेरून मारला.

तोफा होत्या, विमानंही होती. पण पाण्याखालून आलेल्या पाणबुडीला तोफ काय करणार?

दीपगृह

पाणबुडीचा कप्तान फ्रिट्झ श्नेविंड. याचा जन्मच सुमात्रातल्या पाडांगचा, म्हणजे हा समुद्र त्याला परका नव्हता. आधी तो यू-५११ घेऊन आला होता, ती जर्मनीने जपानला भेट दिली. मग यू-१८३ घेऊन मलायातल्या पेनांगहून निघायचा. लॉयल्टीच्या आधी काही दिवस त्याने श्रीलंकेच्या दक्षिणेला 'पाल्मा' ही बोट बुडवली होती. पुढे एप्रिल १९४५ मध्ये जावा समुद्रात अमेरिकन पाणबुडी 'बेसुगो'ने यू-१८३ बुडवली. एकच माणूस वाचला, श्नेविंड नाही.

आणि हे सगळं आपल्यापासून लांब होतं असं कोणी समजू नये. ऑक्टोबर १९४३ मध्ये यू-१६८ ने 'हैचिंग' नावाची बोट मुंबईकडे येताना अरबी समुद्रात बुडवली.

सागरगोटा

माझे वडील तेव्हा गिरगावात शाळेत होते. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत स्फोट झाला तेव्हा चाळीतल्या सगळ्यांना पहिल्यांदा वाटलं जपानी आले. लॉयल्टीवरचा हल्ला त्याच्या पाच आठवडे आधीचा, हे आज कळलं. तो स्फोट बोटीतल्या कापसाला लागलेल्या आगीचा आणि दारूगोळ्याचा होता, शत्रूचा हात नव्हता. पण लोक घाबरले ते उगाच नव्हते. समुद्रात खरंच कोणीतरी फिरत होतं.

निळाई

मी अड्डूत दोन सीझन डायव्हिंग शिकवलं आहे. लॉयल्टीवर किती वेळा उतरले ते मोजलेलं नाही.

ती एका कुशीवर आडवी आहे. तळ तीस-तेहतीस मीटरवर, वरची बाजू त्याच्या निम्म्या खोलीवर. उतरताना आधी काहीच दिसत नाही, नुसता निळा-हिरवा धूसरपणा. आतलं पाणी बाहेरच्या समुद्राइतकं स्वच्छ नसतं. मग अचानक एक भिंत समोर येते. ती भिंत संपतच नाही, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, भिंतच. नवीन मुलं तिथे श्वास जोरजोरात घ्यायला लागतात, त्यांना हाताने थांबायची खूण करावी लागते.

डेकवरचे पाइप अजून ओळखू येतात, त्यांच्यावर मऊ प्रवाळ वाढलंय. एक कासव ठरलेल्या कोपऱ्यात बसलेलं असायचं. भगदाड एवढं मोठं आहे की आतून जाता येतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कडा बघितल्या: जाड पोलादाचा पत्रा कणकेच्या पोळीसारखा वळलेला. हात लावू नये असा नियम आहे, मी लावला नाही. पण तिथे थांबून राहिले.

इंजिनरूम काकांनी आत माणसं असतात असं लिहिलंय. आता पुढच्या वेळी ते डोक्यात असेल.

इंजिनरूम

निळाई, तू लिहिलेलं वळलेल्या पत्र्याचं वाचून मी थोडा वेळ उठून फिरून आलो.

अजून एक सांगायचं होतं. याच कंपनीची 'ब्रिटिश शिव्हलरी' २२ फेब्रुवारी १९४४ ला हिंदी महासागरातच जपानी 'आय-३७' ने बुडवली, लॉयल्टीवरच्या दुसऱ्या हल्ल्याच्या जेमतेम सोळा दिवस आधी. पाणबुडी वर आली आणि होड्यांत उतरलेल्या खलाशांवर मशीनगन चालवली. जे वाचले ते एका होडीत सदतीस दिवस होते. सदतीस. मी बोटीवर लाइफबोटची कवायत घ्यायचो तेव्हा पोरं कंटाळायची. मी त्यांना हा आकडा सांगायचो, आणखी काही बोलायची गरज पडायची नाही.

बाणकोटची_नात

मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. आज लिहिते.

माझे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ दोघेही बोटीवर. आजोबा आगवाला, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे. भाऊ तेलवाला. आमच्या पट्ट्यातल्या घरोघरी असंच होतं, शेती पावसापुरती आणि उरलेलं वर्ष बोट. गावातला सारंग (खलाशांचा मुकादम) मुंबईला पोरं घेऊन जायचा आणि बोट मिळवून द्यायचा. थोरले आजोबा १९४२ ला गेले ते आलेच नाहीत. पाणतीर लागला एवढंच कळलं. आजी सांगायची, त्यांच्या बायकोने किती तरी वर्षं बांगड्या उतरवल्या नव्हत्या, कारण कोणी 'पाहिलं' नव्हतं. कबर नाही, मग मेला कसं म्हणायचं?

धागाकर्त्यांनी "शिवाय एक टँकर बुडाला" ही ओळ लिहिली, ती मला फार लागली. आमच्या घरी ती ओळसुद्धा नाही.

खाडीकाठ

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तेव्हाच्या ब्रिटिश व्यापारी बोटींवरच्या खलाशांपैकी सुमारे चौथा हिस्सा हिंदी होता. कोकण, गोवा, गुजरात, सिल्हेट, चितगाव. त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या जवळपासही नव्हता. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्याबरोबर त्यांनी पगारवाढीसाठी बोटींवर काम बंद केलं होतं, कित्येकांना त्यासाठी तुरुंगात टाकलं. मग थोडी वाढ मिळाली. ते सगळं सोसून ते पुन्हा त्याच समुद्रावर गेले.

तुमच्या थोरल्या आजोबांचं नाव मशीद बंदरला असू शकेल. तिथे इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या आणि समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी नावांचं पुस्तक आहे, त्यात शाही हिंदी नौदलाचे आणि व्यापारी बोटींवरचे मिळून सहा हजारांहून अधिक लोक आहेत. त्याची दुसरी प्रत चितगावला.

अनघा_प

मी सात वर्षं मशीद बंदरला नोकरीला होते. रोज पी. डिमेलो रोडवरून जायचे. मला माहीतच नव्हतं.

मुक्काम_दुबई

तेलाचं पुढे काय झालं हा माझा प्रश्न. मी समुद्रातल्या तेलगळतीवर काम करतो, म्हणून दुसरं उदाहरण देतो. पॅसिफिकमधल्या उलिथी या अशाच प्रवाळद्वीपात 'मिसिसिनेवा' नावाचा अमेरिकन नौदलाचा टँकर नोव्हेंबर १९४४ मध्ये जपानी मानवी पाणतीर 'काइतेन'ने बुडवला. ६३ माणसं गेली. सत्तावन्न वर्षांनी, २००१ मध्ये, वादळानंतर तो गळायला लागला आणि बेटावरच्या लोकांची मासेमारी बंद पडली. २००३ मध्ये अमेरिकन नौदलाने पाणबुडे उतरवून सुमारे अठरा लाख गॅलन तेल बाहेर काढलं. टाकीच्या पत्र्यावर झडप बसवायची, भोक पाडायचं, पंपाने ओढायचं. त्या काळचे पत्रे दरवर्षी थोडे थोडे गंजताहेत, त्यामुळे जगभरच्या अशा बोटींसमोर हा प्रश्न आहे.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या समुद्रातल्या 'कोइम्ब्रा'चंही तसंच. जानेवारी १९४२ मध्ये यू-१२३ ने बुडवलेला ब्रिटिश टँकर. तिच्यातलं साडेचार लाख गॅलनहून जास्त तेल २०१९ मध्ये काढलं. आणि ही कोइम्ब्रा १९३७ साली बांधली होती जर्मनीतच, कीलच्या गोदीत.

इंजिनरूम

बाणकोटच्या ताई, नाव शोधताना एक लक्षात ठेवा. कारकुनांनी नावं कानावर पडतील तशी इंग्रजीत लिहिली आहेत. एकाच नावाची चार-पाच स्पेलिंगं करून बघा. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या संकेतस्थळावरही शोधता येतं, तिथे कधी कधी वडिलांचं किंवा बायकोचं नाव आणि गाव दिलेलं असतं. हुद्दा इंग्रजीत असेल: आगवाला म्हणजे फायरमन, तेलवाला म्हणजे ऑइलर किंवा ग्रीझर. तुमचं गाव नेमकं कुठलं? बाणकोटच की खाडीपलीकडचं?

बाणकोटची_नात

बाणकोट आजीचं माहेर. आमचं घर खाडीपलीकडे, श्रीवर्धनकडे. मी संकेतस्थळावर दोन रात्री बसून बघितलं, रत्नागिरी टाकून, कुलाबा जिल्हा (आताचा रायगड) टाकून. मिळालं नाही.

इंजिनरूम

श्रीवर्धन तेव्हा रत्नागिरीत नव्हतं आणि कुलाब्यातही नव्हतं. १९४८ पर्यंत ते जंजिरा संस्थानात होतं. 'जंजिरा स्टेट' टाकून बघा.

बाणकोटची_नात

बघते. सोमवारी भावाला घेऊन मशीद बंदरलाही जाते. थोरल्या आजींच्या बांगड्या अजून आमच्याकडे आहेत, त्याही सोबत नेईन.